धार मोकळी झाल्यावर

आग्रही : मला या आजारात गूढ असं काही दिसत नाही. मुलग्याच्या मूत्रमार्गात, मूत्राशयाच्या जरा खाली, गर्भातच एक पातळ पडदा तयार होतो. पाच ते आठ हजार मुलग्यांमागे एखाद्याला. लघवी त्या पडद्याशी अडते, मूत्राशय जोर लावून लावून जाड होतं, आणि तो दाब मागे किडन्यांपर्यंत पोचतो. डॉक्टरमंडळी याला पीयूव्ही म्हणतात. १९१९ साली ह्यू हॅम्प्टन यंग या अमेरिकन सर्जनने त्याचे प्रकार लावून दिले, म्हणजे ओळख शंभर वर्षांची आहे. एकट्या दिल्लीत बघा : एम्स, कलावती सरन, गीता कॉलनीतलं चाचा नेहरू रुग्णालय, सगळीकडे लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचे वेगळे विभाग आहेत. आठ-नऊ फ्रेंचची दुर्बीण, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची, चार-सहा दिवसांच्या बाळाच्या मूत्रमार्गातून आत जाते. घड्याळाच्या पाच, सात आणि बारा या आकड्यांच्या जागी पडदा कापला किंवा जाळला की संपलं. खरं काम काही मिनिटांचं. आता उरतं ते एवढंच की अशी बाळं वेळेत तिथवर पोचवायची.

साशंक : संपलं म्हणालात तिथेच माझी अडचण आहे. पडदा कापल्यावर अडथळा संपतो, आजार नाही. तुंबलेली मोरी मोकळी केली म्हणून ओल चढून फुगलेली भिंत वाळत नाही. हा अडथळा गर्भाच्या पहिल्या काही महिन्यांतला. किडन्या घडत असताना त्या दाबाखाली घडतात, म्हणजे काही भाग मुळात नीट घडतच नाही. तो कुठलीही दुर्बीण परत आणून देत नाही. हेलसिंकीच्या डॉक्टरांनी १९३ रुग्णांचा पाठपुरावा करून २०११ साली निकाल छापला. त्यातल्या ४४ जणांच्या किडन्या पुढे पूर्ण निकामी झाल्या, आणि त्या ४४ पैकी जवळजवळ एक तृतीयांशांच्या वयाच्या सतराव्या वर्षानंतर. ही फिनलंडची गोष्ट, जिथे रुग्ण हरवत नाही. तुमच्या त्या काही मिनिटांना यश म्हणायचं तर ते कधी मोजायचं? टेबलावरून उतरवल्यावर, की वीस वर्षांनी?

आग्रही : मग नुकसान गर्भात होत असेल तर उपायही गर्भातच करू. सोनोग्राफीत फुगलेलं मूत्राशय आणि त्याखाली रुंदावलेला मूत्रमार्ग, कुलपाच्या भोकासारखी ती आकृती दिसते. गर्भजल चौथ्या महिन्यानंतर बहुतेक बाळाच्या लघवीचंच असतं. ते आटलं की फुप्फुसं वाढत नाहीत, आणि अशी बाळं जन्मल्यावर किडनीने नव्हे, श्वासाने जातात. आईच्या पोटातून सुई घालून बाळाच्या मूत्राशयातून गर्भजलात एक बारीक नळी सोडता येते. दिल्लीत गर्भवैद्यकाचे तज्ज्ञ आहेत, यंत्रं आहेत. वाट कशाची बघायची?

साशंक : पुराव्याची. ब्रिटनमधून याच नळीची चाचणी झाली, प्लूटो नावाची. दीडशे बायका हव्या होत्या, मिळाल्या ३१, आणि ती अर्ध्यात थांबवावी लागली. २०१३ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. नळी घातलेली बाळं पहिल्या महिन्यात जास्त जगली असं दिसलं, पण आकडे इतके लहान की खात्रीने बोलता येत नाही. आणि दोन वर्षांनंतर किडनी व्यवस्थित असलेली मुलं? दोन. म्हणजे नळी बहुधा फुप्फुसं वाचवते, किडनी वाचवते असं म्हणायला आधार नाही. श्वास मिळालेलं, पण डायलिसिसच्या वाटेवर असलेलं बाळ आपण आईबापांच्या हातात देतो. देऊ नये असं मी म्हणत नाही. काय देतोय हे आधी सांगितलं पाहिजे, एवढंच.

आणि सांगणार कसं? इथे दिल्लीच्या परिसराची एक गाठ आहे, ती फिनलंडला नाही. १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा म्हणतो की गर्भाचं लिंग कोणत्याही प्रकारे उघड करायचं नाही. पीयूव्ही होतो फक्त मुलग्यांना. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर तीन अक्षरं लिहिली की मुलगा असल्याचं सांगून झालं. पानिपतही राजधानी क्षेत्रातच येतं, आणि २०१५ साली ‘बेटी बचाओ’ची सुरुवात मुद्दाम पानिपतहून करावी लागली. अशा मुलखात या तीन अक्षरांचं वजन काय असेल ते बघा.

आग्रही : रिपोर्टवर ‘मूत्राशयाच्या तोंडाशी अडथळा’ लिहावं. उपचाराला तेवढं पुरतं. कायद्याने कोणाचं अडत नाही.

साशंक : उपचाराला पुरतं, सल्ल्याला पुरत नाही. मुलीच्या गर्भात तसंच फुगलेलं मूत्राशय दिसलं तर कारणं वेगळी असतात, पुष्कळदा जास्त गुंतागुंतीची. पुढचं भाकीत वेगळं. म्हणजे डॉक्टरला जे माहीत आहे त्यातलं अर्धं पोटात ठेवून आईला निर्णय घ्यायला सांगायचं. कायदा मोडावा असं मी अजिबात म्हणत नाही, हरियाणाचा इतिहास बघता तो असायलाच हवा. पण तुमच्या गर्भातल्या उपायांच्या उत्साहात ही अडचण कुठेच दिसत नाही. उलट एक भीती आहे. मुलगा आहे असं घरच्यांनी ताडलं तर नळी घालायचा आग्रह वाढणार, भाकीत कितीही वाईट असो. मुलगी असेल असं वाटलं तर?

आग्रही : ही शंका कुटुंबांवर अन्याय करते. पण वादासाठी मान्य. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो, गर्भात गंभीर विकृती असेल तर. हे मंडळच आईबापांना सगळं समजावू शकतं.

साशंक : मंडळाला ‘गंभीर’ आहे की नाही एवढं ठरवायचं असतं. इथे प्रश्न हो-नाहीचा नाहीच. काही गर्भांत खुणा विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, सव्विसाव्यात दिसतात. गर्भजल पुरेसं असतं, किडन्या जरा चमकदार दिसतात. असं मूल शाळेत जाईल, क्रिकेट खेळेल, आणि कदाचित पंचविसाव्या वर्षी त्याला कोणाची तरी किडनी लागेल. हे गंभीर आहे का? मला उत्तर येत नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा.

आग्रही : नाही येत. पण म्हणून जन्मानंतरचं जे नक्की येतं ते सोडायचं नाही. त्यासाठी फीटल मेडिसिन लागत नाही. बाळाची धार बघायची. पूर्वी सुईण बघायची, आजी बघायची : शू कमानीसारखी लांब जाते की थेंब थेंब गळते, बाळ कण्हतं का, पोटात खाली गोळा लागतो का.

साशंक : आणि धार बरी दिसली म्हणून निर्धास्त झालेली घरं? पडदा असूनही काही बाळांची धार वरवर ठीक असते, कारण मूत्राशय जबरदस्त जोर लावत असतं. मग दोन महिन्यांनी ताप, उलट्या, वजन वाढत नाही, आणि तपासणीत किडन्या अर्ध्या गेलेल्या. आजीचा डोळा उपयोगाचा आहेच, पण आजीने पास केलं म्हणजे पास, असं नको.

आग्रही : मग सरकारी डोळा घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून सुरू झाला, जन्मल्यापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी.

साशंक : त्याची यादी बघितलीत? मूळ यादीत ३० आजार, त्यात जन्मदोष ९. दुभंगलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, हृदयाचे दोष आहेत, जन्मजात मोतीबिंदू आहे. लघवीचा अडथळा नाही. नऊ दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या दोषांत हा न दिसणारा बसला नाही.

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालायचं आहे. यादी लहान ठेवणं हा गुन्हा नव्हे. गावोगाव फिरणाऱ्या पथकाला तीनशे आजार पाठ करायला लावले तर ते एकही पकडणार नाही. पण ‘बाळाने पहिल्या दिवशी शू केली का, कशी केली’ हा प्रश्न विचारायला वेगळा आजार यादीत घालावा लागत नाही. प्रसूतीच्या वॉर्डात शू-शीची नोंद नर्स करतच असते. फक्त ‘केली’ एवढंच लिहिते.)

आग्रही : बरं, यादी वाढवू. पण संशय आल्यावर पहिला उपाय काय आहे ते बघा, त्याला सर्जनसुद्धा लागत नाही. पाच किंवा सहा फ्रेंचची फीडिंग ट्यूब, अशक्त बाळाच्या नाकातून दूध द्यायला वापरतात तीच, मूत्रमार्गातून आत घालायची आणि चिकटपट्टीने पक्की करायची. फुगा असलेला कॅथेटर शक्यतो नको, आधीच चिडलेलं मूत्राशय त्या फुग्याभोवती आवळतं. अँटिबायोटिक सुरू, सलाइन हिशेबाने. अलिगढ, मेवात, रोहतक, कुठलंही जिल्हा रुग्णालय हे करू शकतं. तुंबलेलं मोकळं झालं, आता दिल्लीला आणायला वेळ मिळाला.

साशंक : हे मला पटतं. पण यातही एक मेख आहे. नळी घातल्यावर किडन्या अचानक सुटतात, लघवीचे लोट येतात, त्याबरोबर मीठ आणि पाणी वाहून जातं. ते तासातासाला मोजून भरून काढलं नाही तर बाळ नळीनेच जाईल. शिवाय पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्तातला आकडा, बघून कोणी ‘किडनी छान आहे’ म्हणू नये. तो आकडा बाळाचा नसतो, आईच्या रक्तातून आलेला असतो. खरा आकडा कळायला दोन-तीन दिवस जावे लागतात, आणि भाकिताचा आकडा तर त्याहून उशिरा : पहिल्या वर्षात क्रिएटिनिन जास्तीत जास्त किती खाली उतरतं. ०.८ च्या खाली आलं तर बरी आशा, एकच्या वर अडकलं तर काळजी. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही पेढे वाटता, त्या दिवशी आपल्याला काहीच माहीत नसतं.

आग्रही : पेढे पडदा कापल्याचे. ते वाटायलाच हवेत.

साशंक : पडदा लगेच कापायचाच का, हाही प्रश्न आहे. दीड किलोच्या बाळात ती तीन मिलिमीटरची दुर्बीणही जात नाही. जबरदस्ती केली तर मूत्रमार्ग आकसतो, आणि ते दुखणं आयुष्यभराचं. त्यापेक्षा बेंबीखाली पोटावर मूत्राशयाचं तोंडच उघडून द्यायचं, ब्लॉक्सम पद्धतीची व्हेसिकॉस्टॉमी. लघवी सरळ लंगोटात. नळी नको, चाचपडणं नको, पुन्हा तुंबायची शक्यता फार कमी. बिहारहून आलेलं कुटुंब दर महिन्याला येऊ शकणार नसेल तर हाच सुरक्षित मार्ग. दुर्बीण नसलेल्या ठिकाणांसाठी भारतीय सर्जन मोहन यांच्या नावाचा एक साधा व्हाल्व्होटोमही आहे, आकड्यासारखा. तो आत घालून बाहेर ओढताना पडदा फाटतो. सगळं काम महागड्या दुर्बिणीनेच व्हायला हवं असं नाही.

आग्रही : पोटावर भोक ठेवलेलं मूल दोन-तीन वर्षं तसंच वाढवायचं, आणि त्या काळात मूत्राशय भरतच नाही. भरणं आणि रिकामं होणं हाच मूत्राशयाचा व्यायाम. तो दिला नाही तर ते लहान, कडक राहतं असं बरेच जण मानतात. शिवाय तुम्ही गरीब कुटुंबासाठी म्हणून जो मार्ग सांगता, त्यात दुसरं ऑपरेशन ठरलेलं आहे : भोक बंद करायचं. ते कुटुंब एकदा यायला धडपडलं, आता दोनदा येणार?

साशंक : भरण्याचा मुद्दा अजून वादातला आहे, पण दोन ऑपरेशनांचा तुमचा मुद्दा खरा. मी एवढंच म्हणतो की निवड बाळाच्या वजनावर आणि घराच्या अंतरावर दोन्हींवर ठरावी. पाठ्यपुस्तकात फक्त वजन असतं.

आग्रही : अंतराचंच धरून बसलात तर आणखी एक गोष्ट त्याच भुलेत उरकून घ्या. सुंता. फ्रान्समध्ये पीयूव्ही असलेल्या ९१ मुलग्यांची चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. दोन्ही गटांना अँटिबायोटिक होतं, एका गटाची सुंताही केली. दोन वर्षांत तापाचं लघवीचं इन्फेक्शन सुंता केलेल्यांत ३ टक्के, न केलेल्यांत २० टक्के. किडनीला प्रत्येक इन्फेक्शन महाग पडतं. एवढा स्वस्त उपाय दुसरा दाखवा.

साशंक : आकड्यांशी भांडण नाही. पण सोनीपतच्या जाट घरातल्या आजोबांना हे कोण सांगणार, आणि कसं? काही सर्जन विषयच काढत नाहीत, कारण काढला की नातेवाईक उठून जातील अशी त्यांना धास्ती. काही जण ‘त्वचा काढावी लागेल’ असं पुटपुटून सही घेतात. पहिलं मूल उपायाला मुकतं, दुसऱ्याचं घर फसवलं जातं. दोन्ही मला मान्य नाहीत.

आग्रही : स्पष्ट सांगावं. ‘लहान मुलांत टोकाची कातडी आजार वाढवते, काढली तर ताप कमी येतो, बाकी याचा कशाशी संबंध नाही.’ माझा अनुभव असा की आईला हे चटकन समजतं. आजोबांना वेळ लागतो.

साशंक : आईला सगळंच चटकन समजतं, कारण पुढचं सगळं तिच्यावर येणार असतं. आता त्या पुढच्याकडे येऊ, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. मूल चार वर्षांचं होतं. धार छान. पण जन्माआधीच जाड झालेलं मूत्राशय आता धड भरून घेत नाही, धड रिकामं होत नाही. किडन्यांनी लघवी घट्ट करायची ताकद गमावलेली असते, म्हणून पाणी भरपूर प्यावं लागतं आणि शूही भरपूर. मूत्राशय रात्रभर गच्च राहतं, तो दाब पुन्हा किडनीवर. मग ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या, घड्याळ लावून शू, एकदा करून पाच मिनिटांनी पुन्हा, काहींना दिवसातून चार-पाच वेळा कॅथेटर. या मुलांना मूत्रमार्गात संवेदना पूर्ण असते, कॅथेटर दुखतो, ती पळ काढतात. मग अपेंडिक्सची नळी करून ती बेंबीशी उघडतात, मिट्रोफानॉफ यांनी १९८० साली सांगितलेली पद्धत. आता हे सगळं दिल्लीच्या मे महिन्यात ठेवून बघा. ४५ अंश. ज्या गोळीने मूत्राशय शांत होतं तीच घाम कमी करते. शाळेत बाई वर्गातून सोडत नाहीत, सोडलं तर संडासात पाणी नाही, म्हणून मूल पाणीच पीत नाही. किडनी तिथे जाते. ऑपरेशन थिएटरात नाही, चौथीच्या वर्गात.

आग्रही : हे ऐकून मी थोडा गप्प झालो, कबूल. पण उपाय आहेत. एम्समध्येच डॉ. मीनू बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी रक्तातल्या रेनिनवरून किडनीची पुढची दिशा आधी ओळखता येते का ते तपासलं, २००५ साली छापलं. युरोपात ३८५ मुलांवर दाखवलं गेलं की किडनीचा जुना आजार असलेल्यांत रक्तदाब रॅमिप्रिलने काटेकोर खाली ठेवला तर घसरण मंदावते. गोळ्या स्वस्त आहेत. डोळे उघडे ठेवून वीस वर्षं पाठपुरावा केला तर यातली बरीच मुलं वाचतात.

साशंक : स्वस्त, पण कोण देणार? आयुष्मान योजना २०१८ ची, वर्षाला कुटुंबाला पाच लाख. दिल्ली त्यात २०२५ मध्ये सामील झाली. ती पैसे देते भरती झाल्यावर. पडदा कापायचे देते. २०१६ पासून डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे, म्हणजे किडनी गेल्यावरही देते. मधल्या पंधरा वर्षांच्या गोळ्या, कॅथेटर, सहा महिन्यांची सोनोग्राफी, गाडीभाडं, बुडालेली मजुरी, हे ओपीडीत येतं. ओपीडी योजनेत नाही. आणि शेवटी किडनी द्यायला उभी राहते ती बहुतेक आईच, आपल्याकडे जिवंत दात्यांत बायकाच जास्त. मुलग्यांचा आजार, पण बिल कोणाच्या शरीरावर फाटतं ते बघा.

आग्रही : मग भांडण आपलं नाहीच. मी म्हणतो जिल्ह्याला फीडिंग ट्यूब आणि ती घालायला शिकलेला हात द्या, तुम्ही म्हणता दिल्लीला पाठपुरावा करणारी नर्स द्या. दोन्ही द्या.

साशंक : एकाचेच पैसे असतील तर?

आग्रही : तर हात. नर्सला पाठपुरावा करायला मूल जिवंत हवं.

साशंक : आणि मी नर्स म्हणेन. कारण हात बऱ्याच जिल्ह्यांत आता आहे, बालरोगतज्ज्ञ पोचलेत, पण नर्स मोठ्या रुग्णालयांतही या मुलांसाठी वेगळी क्वचितच असते. फाइल आईच्या पिशवीत असते. पिशवी हरवली की मुलाचा इतिहास संपला.

आग्रही : नोंदवही करू. प्रत्येक विभागाने आपली मुलं फोन नंबरासकट लिहून ठेवायची, सहा महिन्यांनी फोन करायचा.

साशंक : कोणत्या विभागाने? समजा मुलगा चौदा वर्षांचा आहे. क्रिएटिनिन १.४. धार उत्तम, तक्रार शून्य. बालशल्यवाले म्हणतात आता तू आमच्या वयात बसत नाहीस. यूरॉलॉजीवाले म्हणतात कापण्यासारखं काही नाही. नेफ्रॉलॉजीत सांगतात अजून फार वाढलेलं नाही, वर्षाने या.

आग्रही : नेफ्रॉलॉजीकडेच असावा तो. किडनी त्यांची.

साशंक : आणि मूत्राशयाचा दाब? तो मोजायचं यंत्र यूरॉलॉजीत. किडनी बिघडवणारा तो आहे.

आग्रही : मग यूरॉलॉजी.

साशंक : तिथे पहाटेपासून प्रोस्टेट आणि खड्यांची रांग आहे. काही दुखत नसलेला मुलगा त्या रांगेत किती वेळा उभा राहील?

आग्रही : पहिल्या दिवशी नळी घातली नसती तर तो चौदाचा झालाच नसता. तुमचा प्रश्न विचारायला मुलगाच उरला नसता.

साशंक : ते मी कधीच मान्य केलं. म्हणूनच विचारतो, सोमवारी सकाळी त्याला कुठल्या खिडकीवर पाठवू?